मिश्र पक्षीगृह : निरनिराळ्या जातींचे पक्षी एकत्र ठेवण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिश्र पक्षीगृहाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ‘पक्षीगृह’ या शब्दाने येथे जाळीची अशी खोली अभिप्रेत आहे, जिच्यात पक्ष्यांना सरळ रेषेत उडता येते आणि माणसाला आत उभे राहून काम करता येते. टांगत्या पिंजऱ्यात निरनिराळ्या जाती एकत्र ठेवण्याचा सल्ला या पानावर कोठेही दिलेला नाही. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा अन्यत्र सविस्तर आला असल्यास तेथील प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. निरनिराळ्या जातींचे पक्षी खरोखर एकत्र राहू शकतात का?

राहू शकतात, परंतु ‘या जातीचे त्या जातीशी जमते’ असे तक्ते पाहून निर्णय घेणे धोक्याचे आहे. एकच जोडी मोठ्या जागेत शांत राहते आणि अर्ध्या जागेत शेजाऱ्याचा जीव घेते. त्यामुळे जातींची नावे पाहण्याआधी चार गोष्टी तपासाव्यात : कोणाची चोच कोणाला इजा करू शकते, कोण कोणत्या उंचीवर वावरतो, घरट्यासाठी कोणाला काय लागते आणि कोण काय खातो. चोचीच्या ताकदीत फारसा फरक नसेल आणि उरलेल्या तीन बाबतींत गरजा वेगवेगळ्या असतील, तर शांतता टिकण्याची शक्यता चांगली असते. घरट्याची जागा दोघांना एकच हवी असेल, तर आकार आणि स्वभाव कितीही जुळत असले तरी कुरबूर ठरलेली आहे.

२. प्रथमच पक्षीगृह उभारत आहे. सुरुवात कोणापासून करावी?

झेब्रा फिंच किंवा बेंगाली फिंच (चिमणीसारखे लहान, दाणे खाणारे पक्षी) यांचा एक छोटा थवा, डायमंड डव्ह या छोट्या पारव्यासारख्या पक्ष्याची एक जोडी आणि जमिनीवर बटन क्वेल या लाव्यासारख्या इवल्या पक्ष्याची एक जोडी ही सुरुवातीसाठी सर्वांत भरवशाची रचना आहे. फिंच मधल्या आणि वरच्या भागात वावरतात. डायमंड डव्ह जमिनीवर दाणे टिपतो आणि उरलेला बराच वेळ फांदीवर स्वस्थ बसतो, तर क्वेल जमीन सहसा सोडत नाही. तिघेही मुख्यतः दाणे खातात आणि कोणाचीही चोच दुसऱ्याचे हाड मोडण्याइतकी बळकट नसते.

झेब्रा फिंचबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. दोन जोड्या ठेवल्या तर एक जोडी दुसरीच्या मागे लागते, म्हणून एकच जोडी ठेवावी किंवा तीन अथवा अधिक ठेवाव्यात, म्हणजे त्रास एकाच जोडीवर केंद्रित होत नाही. गोल्डियन फिंच पहिल्या वर्षी आणू नये. तो भित्रा असतो, चपळ आणि आगाऊ झेब्रा त्याला घरट्यात स्वस्थ बसू देत नाहीत, आणि आजाराच्या बाबतीतही त्याला विशेष जपावे लागते (प्रश्न ११).

३. किती जागेत किती पक्षी ठेवावेत?

लांबीला उंचीपेक्षा अधिक महत्त्व द्यावे, कारण पक्षी आडवा उडतो आणि पळून जाण्यासाठी त्याला अंतर लागते. तीन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि दोन मीटर उंच पक्षीगृहात लहान फिंचच्या सहा जोड्या, डायमंड डव्हची एक जोडी आणि क्वेलची एक जोडी याहून अधिक पक्षी मी ठेवणार नाही. पिल्ले झाल्यावर हीच संख्या काही महिन्यांत दुप्पट होते, म्हणून सुरुवातीची संख्या मुद्दाम कमी ठेवावी.

आतील मांडणीचा परिणाम क्षेत्रफळाइतकाच होतो. झुडपे, सुक्या फांद्यांचे भारे किंवा मध्येच उभी केलेली चटई अशा आडोशांमुळे पाठलाग तुटतो, कारण दृष्टीआड झालेल्या पक्ष्याचा पिच्छा सहसा सोडला जातो. सर्वांत उंच दांडीवर झोपण्याची ओढ बहुतेक पक्ष्यांना असते, त्यामुळे अशी दांडी एकच असू नये. दोन्ही टोकांना समान उंचीवर पुरेशा दांड्या असाव्यात आणि त्या दाणापाण्याच्या भांड्यांवर येणार नाहीत हे पाहावे.

४. बजी (बजरीगार हा लहान पोपट) आणि फिंच एकत्र ठेवले तर चालते का?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. प्रशस्त पक्षीगृहात अनेक जण हे दोन पक्षी एकत्र ठेवतात आणि बराच काळ काही घडत नाही, हे खरे आहे. तरीही माझा सल्ला नकाराचा आहे. बजीचे वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम असते आणि झेब्रा फिंचचे १० ते १५ ग्रॅम. बजी हा पोपटकुळातील असल्यामुळे त्याची चोच कुरतडण्यासाठी आणि चिमटा घेण्यासाठी घडलेली आहे. फिंच चोच मारतो तेव्हा पीस उडते, बजी चावतो तेव्हा फिंचचा पाय तुटू शकतो. बजीला त्यासाठी चिडण्याचीही गरज नसते. कुतूहलाने शेजाऱ्याच्या पायाला चोच लावणे हे त्याच्यासाठी नित्याचे आहे.

यात भर घरट्यांची पडते. विणीला आलेली बजीची मादी कोणत्याही पोकळीत शिरून पाहते आणि आत फिंचची अंडी किंवा पिल्ले असली तर ती वाचत नाहीत. पोपटकुळातील पक्षी फिंचसोबत ठेवायचाच असेल, तर बूर्क पॅराकीट हा बजीपेक्षा कितीतरी सौम्य पर्याय आहे.

५. मग बजी आणि कॉकटेल (कॉकाटील, तुरा असलेला लहान पोपट)?

ही जोडी पुष्कळ अंशी जमते. कॉकटेल ८० ते १०० ग्रॅमचा असूनही स्वभावाने मवाळ असतो, आणि त्रास झालाच तर तो लहान बजीकडून मोठ्या कॉकटेलला होतो. बजी त्याची शेपटी ओढतात, झोपू देत नाहीत आणि दाण्याच्या भांड्यावरून हुसकावतात. त्यामुळे दाण्याची भांडी किमान दोन ठिकाणी, एकमेकांच्या दृष्टीआड ठेवावीत आणि कॉकटेलला निवांत बसता येईल अशी जाड फांदी बजींच्या गर्दीपासून दूर द्यावी. वीण मात्र दोघांची एकाच जागेत करू नये, कारण बजीच्या माद्या कॉकटेलच्या पेटीत शिरतात आणि कॉकटेल अंडी सोडून देतो.

६. लव्हबर्ड (आखूड शेपटीचा लहान पोपट) पिल्लू असल्यापासून इतरांसोबत वाढवला, तर तो शांत राहील ना?

वयात येईपर्यंत राहील, नंतर राहणार नाही. लव्हबर्डला आपल्या जागेची तीव्र जाणीव असते आणि तिच्या रक्षणासाठी तो स्वतःपेक्षा मोठ्या पक्ष्यावरही धावून जातो. ५० ग्रॅमच्या आसपासचा लव्हबर्ड त्याच्या जवळजवळ दुप्पट वजनाच्या कॉकटेलला जखमी करतो, त्यामुळे ‘आकार सारखा असला म्हणजे झाले’ हा नियम येथे पूर्णपणे फसतो. तो बहुधा पायाची बोटे चावतो आणि तुटलेले बोट पुन्हा येत नाही. लव्हबर्ड केवळ लव्हबर्डसोबत आणि एकाच जातीचे ठेवावेत. जाती का मिसळू नयेत, हे प्रश्न १३ मध्ये पाहावे.

७. वर्षभर गुण्यागोविंदाने राहिलेले पक्षी अचानक एकमेकांच्या जिवावर का उठतात?

याचे कारण बहुतेक वेळा घरटे हेच असते. विणीचा हंगाम नसताना पक्षी थव्याने राहतात, परंतु हंगाम सुरू होताच जोडीला स्वतःचा कोपरा हवा असतो. हंगामाबाहेरची शांतता पाहून ‘यांचे जमले’ असा निष्कर्ष काढणे ही या छंदातील सर्वांत महाग पडणारी समजूत आहे. कोणत्याही मिश्रणाची पारख विणीचा एक संपूर्ण हंगाम पार पडल्यावरच होते.

घरटी जोड्यांच्या किमान दुप्पट असावीत, सर्व एकाच प्रकारची आणि एकाच उंचीवर असावीत, आणि ती एकाच दिवशी टांगावीत. एक पेटी वर आणि बाकीच्या खाली असतील, तर वरच्या पेटीसाठी माद्या रक्तबंबाळ होईपर्यंत भांडतात. बजीच्या माद्यांमध्ये अशा भांडणाचा शेवट मृत्यूने होऊ शकतो, आणि जोडीदार नसलेली जादा मादी असेल तर धोका आणखी वाढतो.

झेब्रा फिंचची एक खोड माहीत असलेली बरी. गवत किंवा काथ्या मिळत राहिला तर तो आणतच राहतो, आणि दुसऱ्याच्याच काय, स्वतःच्या अंड्यांवरही नवा थर रचून पुन्हा अंडी घालतो. वरचे घरटे उचलून पाहिले की खाली गार पडलेली जुनी अंडी सापडतात. यासाठी पहिले अंडे दिसताच घरट्याचे साहित्य काढून घ्यावे. हंगाम संपवायचा असेल तेव्हा एकूण एक घरटी उतरवावीत. बेंगाली फिंच एरवीही घरट्यात दाटीवाटीने झोपतात आणि तेथेच अंड्यांचा ढीग साचतो, म्हणून त्यांना झोपण्यासाठी घरट्याऐवजी उघडी फळी द्यावी.

८. जमिनीवर बटन क्वेल सोडायचे आहेत. कोणती काळजी घ्यावी?

दचकलेला क्वेल बाजूला न पळता सरळ वर झेपावतो आणि त्याचे डोके छतावर आदळते. कडक जाळीवर डोक्याची कातडी सोलवटल्याच्या घटना नेहमी ऐकू येतात. छताखाली मऊ जाळे किंवा कापड सैलसर ताणून बांधल्यास हा धोका बराच टळतो. लपण्यासाठी खाली दाट गवत किंवा पालापाचोळ्याचा कोपरा असावा आणि वरच्या दांड्या त्या कोपऱ्यावर नसाव्यात, म्हणजे क्वेल वरच्यांच्या विष्ठेखाली राहत नाही.

पिल्लांविषयी विशेष दक्षता लागते. सुमारे १६ दिवसांनी अंड्यातून बाहेर येणारे पिल्लू मोठ्या भुंग्याएवढे असते आणि अंग सुकताच धावू लागते. १२ मिलिमीटरच्या जाळीतूनही ते सहज बाहेर निसटते, त्यामुळे जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंतची भिंत भरीव असावी. पाण्याच्या उथळ भांड्यातही ते बुडू शकते, म्हणून भांड्यात गोटे भरून त्यांच्या फटींत पाणी ठेवावे. क्वेलची एकच जोडी ठेवावी, कारण दोन नर एकत्र राहत नाहीत. नर मादीची पाठ सतत ओरबाडत असेल, तर आणखी एक मादी आणल्याने तिच्यावरचा ताण कमी होतो.

९. सगळ्यांना एकच दाणामिश्रण चालेल का? आणि सांडलेल्या दाण्यांवर क्वेलचे भागते का?

राळे, बाजरी आणि इतर बारीक दाण्यांचे मिश्रण फिंच, डव्ह आणि बजी यांच्यासाठी पाया म्हणून ठीक आहे, पण ते कोणासाठीच पुरेसे नाही. फिंच दाणा सोलून खातात, त्यामुळे भांड्यात वरून भरपूर दाणे दिसतात आणि प्रत्यक्षात केवळ टरफले उरलेली असतात. रोज फुंकर मारून पाहावे. सांडलेल्या दाण्यांतही बरीच टरफलेच असतात, शिवाय ते विष्ठेत मिसळलेले असतात. क्वेलला फिंचपेक्षा अधिक प्रथिने लागतात, म्हणून त्याच्यासाठी बारीक भरडलेले क्वेलचे किंवा पिल्लांचे खाद्य वेगळ्या भांड्यात द्यावे.

कॅल्शियम देणारा समुद्रफेस सर्वांनाच उपयोगी पडतो, विशेषतः अंडी घालणाऱ्या माद्यांना. डव्ह दाणे न सोलता अख्खे गिळतो, त्यामुळे त्याला बारीक खडी लागते. भित्र्या पक्ष्यांचा वाटा दांडगट पक्ष्यांच्या पोटात जाऊ नये म्हणून खाद्याची ठिकाणे वेगवेगळी ठेवावीत. ती कशी मांडावीत, हे प्रश्न ५ मध्ये आले आहे.

१०. नवीन पक्षी कसा सोडावा?

आधी किमान ३०, शक्यतो ४५ दिवस त्याला वेगळ्या खोलीत ठेवावे. त्याच हवेत, शेजारच्याच पिंजऱ्यात ठेवणे हे विलगीकरण नव्हे. त्या काळात आधी जुन्या पक्ष्यांचे दाणापाणी करावे, नंतर नव्याचे, आणि भांडी एकमेकांत मिसळू नयेत. विष्ठेची तपासणी पशुवैद्याकडून करून घ्यावी.

त्यानंतर त्याचा पिंजरा आठवडाभर पक्षीगृहाच्या आत ठेवावा, म्हणजे जाळीआडून ओळख होते. दार सकाळीच उघडावे. संध्याकाळी सोडलेल्या पक्ष्याला अंधार पडण्यापूर्वी दाणे, पाणी आणि झोपायची जागा सापडत नाही. विणीच्या हंगामात नवा पक्षी सोडूच नये. पक्षीगृह नव्यानेच भरायचे असेल, तर विलगीकरण संपलेले सर्व पक्षी एकाच दिवशी सोडणे उत्तम, कारण तेव्हा कोणाचीच मालकी प्रस्थापित झालेली नसते. ते शक्य नसेल, तर आधी सर्वांत लाजाळू जाती सोडाव्यात आणि दांडगट जाती शेवटी.

११. पक्षी निरोगी दिसत होता, तरी आजार कसा पसरला?

पक्षी आजार शक्य तितका लपवतात. याहून महत्त्वाचे असे की एक जात ज्या जंतूला निमूटपणे वागवते, तोच दुसऱ्या जातीला घातक ठरतो, आणि मिश्र पक्षीगृहाची खरी जोखीम येथे आहे. बेंगाली फिंचच्या आतड्यात कॉक्लोसोमा नावाचा एकपेशीय परजीवी असू शकतो. बेंगालीला त्याचा त्रास जाणवत नाही, पण गोल्डियनची पिल्ले त्याने दगावतात. गोल्डियनची अंडी बेंगालीखाली उबवण्याची पद्धत रूढ असल्यामुळे हा संसर्ग अनेकांच्या घरी नकळत पोहोचतो. गोल्डियन आणि कॅनरी यांना श्वासनलिकेतील माइट या सूक्ष्म किड्यांचा त्रास होतो. असा पक्षी चोच उघडी ठेवून श्वास घेतो आणि रात्री शांततेत कान दिला तर बारीक ‘टिक टिक’ ऐकू येते. डव्हकडून ट्रायकोमोनास हा एकपेशीय परजीवी पाण्यातून बजीकडे जाऊ शकतो, म्हणून पाणी दिवसातून किमान एकदा बदलून भांडे घासावे.

पोपटकुळातील पक्ष्यांकडून क्लॅमिडिया सिटॅसी या जिवाणूचा संसर्ग माणसालाही होतो आणि त्यातून न्यूमोनिया उद्भवू शकतो. वाळलेली विष्ठा झाडण्याऐवजी आधी पाणी शिंपडून मग उचलावी आणि तोंडावर मास्क बांधावा. ताप आणि कोरडा खोकला आल्यास घरी पक्षी असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. छताचा निदान काही भाग भरीव असावा, म्हणजे बाहेरच्या पक्ष्यांची विष्ठा दाण्यापाण्यात पडत नाही.

१२. एकाच रंगाचे पक्षी भांडतात हे खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे. नर आपला प्रतिस्पर्धी रंगावरून आणि खुणांवरून ओळखतो, त्यामुळे जात वेगळी असली तरी लाल फिंच दुसऱ्या लाल फिंचवर आणि कॅनरीचा नर दुसऱ्या पिवळ्या पक्ष्यावर धावून जाऊ शकतो. लहान पक्षीगृहात एका रंगाची एकच जात ठेवणे शहाणपणाचे आहे. गोल्डियनमध्ये रंगाचा संबंध स्वभावाशीही आहे. लाल डोक्याचे नर काळ्या डोक्याच्या नरांपेक्षा अधिक आक्रमक असतात आणि खाण्याच्या जागेवर सहसा त्यांचीच सरशी होते.

१३. निरनिराळ्या जातींचा संकर होईल का?

जवळच्या नात्यातील जाती असतील तर होईल, विशेषतः स्वतःच्या जातीचा जोडीदार नसेल तेव्हा. फिशर आणि मास्क्ड लव्हबर्ड यांची संकरित पिल्ले प्रजननक्षम असतात, त्यामुळे दोन्ही जातींची शुद्धता पिढ्यान्‌पिढ्या बिघडते. पीचफेस्ड लव्हबर्डशी त्यांचा संकर झाल्यास पिल्ले बहुधा वांझ निघतात. बेंगाली आणि झेब्रा फिंच यांचाही संकर होऊ शकतो. प्रत्येक पक्ष्याला स्वजातीचा जोडीदार देणे आणि जवळच्या नात्यातील जाती एकत्र न ठेवणे हाच उपाय आहे. संकरित पिल्लू झालेच, तर ते तसे सांगितल्याशिवाय कोणाला देऊ नये.

१४. मध्यरात्री एकाएकी सगळे फडफडू लागतात आणि सकाळी पक्षी जखमी सापडतात. असे का होते?

एक पक्षी दचकतो आणि त्याच्यामुळे सगळे उठतात. कॉकटेल यासाठी प्रसिद्ध आहे आणि डायमंड डव्हही कमी नाही. उंदराची सळसळ, जाळीवर चढलेले मांजर किंवा भिंतीवरून सरकलेला वाहनाच्या दिव्याचा झोत एवढे कारण पुरते. अंधारात उडालेला पक्षी जाळीवर आपटतो. घरट्यातून उठलेल्या फिंचच्या मादीला तर परत घरटे सापडत नाही आणि सकाळपर्यंत अंडी गार होतात. रात्रभर अतिशय मंद दिवा तेवत ठेवला की पक्ष्यांना दांडी आणि घरटे दिसते. गोंधळ सुरू असताना धावत आत जाऊ नये. बाहेरूनच हळू आवाजात बोलावे आणि उजेड हळूहळू वाढवावा. उंदीर येत असतील, तर आधी त्यांचा मार्ग बंद करावा.

१५. न जमणाऱ्या जाती शेजारच्या कप्प्यांत ठेवल्या, मधे जाळी आहे. एवढे पुरेसे आहे का?

एक पदरी जाळी पुरेशी नाही. पक्षी जाळीला लटकतो आणि पलीकडचा त्याची बोटे चावतो. दोन जाळ्यांमध्ये आठ ते दहा सेंटिमीटर अंतर ठेवावे किंवा मधली भिंत भरीव करावी. नव्या जस्तलेपित जाळीवर जस्ताचे थेंब आणि भुकटी राहिलेली असते, आणि पोपटकुळातील पक्षी ती चाटून जस्ताच्या विषबाधेने मरू शकतात. अशी जाळी व्हिनेगरने घासून, धुऊन आणि वाळवूनच वापरावी. बाहेरच्या दाराला दुसऱ्या दाराचा लहान कप्पा जोडावा, म्हणजे आत जाताना पक्षी निसटत नाही.

१६. भांडण नेमके कोण करते, आणि कोणाला बाहेर काढावे?

सकाळी ताजे दाणे ठेवल्यानंतर अर्धा तास दूर बसून पाहावे. खरा त्रास आरडाओरड्यात दिसत नाही. एक पक्षी येऊन बसला की दुसरा दर वेळी उठून जातो, हे लक्षण त्याहून गंभीर आहे. एखादा पक्षी दिवसभर जमिनीवर बसतो, सर्वांत शेवटी खातो किंवा त्याच्या मानेमागची पिसे गेलेली असतात, तर तो सततच्या दबावाखाली आहे असे समजावे.

बाहेर काढावे ते त्रास देणाऱ्याला. मार खाणाऱ्याला हलवल्यास दांडगट पक्षी दुसरे लक्ष्य शोधतो. त्रास देणारा काही आठवडे दूर राहिला आणि दरम्यान दांड्यांची मांडणी बदलली, तर परतल्यावर तो स्वतःच नवखा ठरतो आणि अनेकदा निवळतो. निवळला नाही, तर त्याला कायमचे वेगळे घर द्यावे. जखमी पक्ष्याला मात्र तत्काळ वेगळे करून २८ ते ३० अंश सेल्सिअसच्या ऊबेत ठेवावे. या सगळ्यासाठी दाणापाण्यासह सज्ज असलेला एक रिकामा पिंजरा कायम हाताशी लागतो. ज्यांच्याकडे तो नाही, त्यांनी दुसरी जात आणू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

१७. फळे आणि कीटक खाणारे पक्षी दाणे खाणाऱ्यांसोबत ठेवता येतील का?

अनुभवी पाळणाऱ्यांनाही हे अवघड जाते. टूकन आणि धनेश यांच्यासारखे पक्षी लहान पक्ष्यांची अंडी आणि पिल्ले गिळतात, मैनेसारखे मध्यम आकाराचे पक्षीही घरटी लुटतात. टूकन आणि मैना यांच्या यकृतात लोह साठण्याचा विकार आढळतो, त्यामुळे त्यांना कमी लोहाचे खाद्य लागते, आणि लोहाचे शोषण वाढवणारी आंबट फळे त्यांना देत नाहीत. इतरांसाठी ठेवलेले लोहयुक्त खाद्य त्यांच्या चोचीला लागू न देणे एकत्र जागेत जवळजवळ अशक्य असते. अनेक देशांत स्थानिक वन्य पक्षी पाळणे हा गुन्हाही आहे, तेव्हा आपल्याकडचा कायदा आधी पाहावा.

१८. पंख छाटलेला, अपंग किंवा हातावर वाढवलेला पक्षी मिश्र पक्षीगृहात सोडता येईल का?

पंख छाटलेला पक्षी पुढची पिसगळ होऊन नवी पिसे येईपर्यंत सोडू नये, कारण पाठलागातून सुटण्याचे एकमेव साधन त्याच्याकडे नसते. पायाने अधू पण उत्तम उडणारा पक्षी शांत थव्यात राहू शकतो. त्याच्यासाठी रुंद, सपाट फळ्या बसवाव्यात. हातावर वाढवलेल्या पक्ष्याला स्वजातीचे इशारे अनेकदा कळत नाहीत. दुसऱ्याने पिसे फुलवून दिलेली ताकीद तो ओळखत नाही, जवळ जातो आणि मार खातो. अशा पक्ष्याला दिवसा एक-दोन तास देखरेखीखाली सोडावे, आणि तो इतरांपासून योग्य अंतर राखू लागेपर्यंत रात्री त्याच्या पिंजऱ्यातच ठेवावे.